मिठ्या आठ वेळा मरतो

सोमवार, ४ फेब्रुवारी

काम मिळालं. एकाच राक्षसावरचे आठ जुने कृष्णधवल भयपट, आठांची उपशीर्षकं, मुदत पाच आठवडे. या वेळी बहिऱ्या प्रेक्षकांचाही विचार करायचाय. म्हणजे नुसते संवाद पुरणार नाहीत, आवाजही लिहायचे. दार करकरतं. लांबवर कुत्रं भुंकतं. राक्षस गुरगुरतो.

पहिला भाग पाहिला. मिठाच्या खाणीत सुरुंग उडतो, भिंत फुटते आणि हजार वर्षं आत झोपलेला राक्षस जागा होतो. प्राध्यापक सांगतो, खाण बंद करा. नगराध्यक्ष म्हणतो, मूर्खपणा आहे. प्राध्यापकाची मुलगी पांढरा झगा घालून एकटीच खाणीत जाते. का, ते विचारायचं नाही. शेवटी राक्षस जळून मरतो. मग दुसरा भाग उघडला. सुरुंग, भिंत, राक्षस, नवा प्राध्यापक, नवी मुलगी, झगा तोच. राक्षस बुडून मरतो. तिसऱ्याचा फक्त शेवट पाहिला: कड्यावरून पडून.

म्हणून ही वही. कुठल्या भागात कोण कसं मेलं ते लिहून ठेवलं नाही, तर महिन्याभरात माझ्या डोक्याचा भुगा होईल.

दुसरी बातमी: उद्या सासूबाई येतायत, दोन महिन्यांसाठी. सासरे गेल्यापासून तेवीस वर्षं त्या एकटीने घड्याळ दुरुस्तीचं दुकान चालवत होत्या. ते बंद केलं म्हणे. बायकोने कारण विचारलं, तर म्हणाल्या, "आता घड्याळं दुरुस्त कोण करून घेतं?" खरंच आहे म्हणा.

बायको रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. सकाळी सातला जाते ती संध्याकाळी पाचला येते. म्हणजे दिवसभर घरात मी, सासूबाई आणि राक्षस. राक्षसाची ओळख आजची, सासूबाईंची अकरा वर्षांची. पण दोघांपैकी कुणाला जास्त ओळखतो म्हणाल तर विचार करावा लागेल.

बुधवार, ६ फेब्रुवारी

मी सासूबाईंच्या मनातून उतरलोय, हे आता नक्की. पूर्वी त्या माझ्याकडे सरळ रोखून बघायच्या, बंद पडलेल्या घड्याळाचं झाकण उघडावं तसं. आता मान वळवतात आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतात. दिवसभर घरात बसून राक्षस बघणाऱ्या जावयाकडे आणखी कसं बघणार?

सकाळी तर कहर झाला. त्या खोलीतून बाहेर आल्या आणि खुंटीवरच्या माझ्या रेनकोटला म्हणाल्या, "उठलात का?" मी मागे, मोरीच्या दारात. खाकरलो. त्या क्षणभर गोंधळल्या, मग हसल्या. "कोटाला अगदी तुमची ऐट आहे हो."

टोमणा कसा असावा, तर असा. मी नाष्ट्याचं ऑम्लेट निमूटपणे केलं.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

दुपारी मी दुसऱ्या भागावर काम करत होतो. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कोण एवढं कण्हतंय?"

"राक्षस आहे, आई. त्रास होत असेल तर आवाज कमी करतो."

"नको. बसू का?"

बसल्या. आणि सुरू झाल्या. आता काय करतोय तो? कुठे निघाला? हा बोलतोय तो कोण? मी सांगत गेलो. काम निम्म्याने मंदावलं, पण एक गोष्ट मान्य करायला हवी, सांगताना मलाच मजा यायला लागली.

"मारतो कसा माणसांना?" त्यांनी विचारलं.

"कवेत घेतो आणि आवळतो."

"मिठात राहतो आणि मिठ्या मारतो? मग नावच मिठ्या ठेवा की."

झालं. आता मला दुसरं नाव सुचतच नाही. उपशीर्षकात चुकून 'मिठ्या आला रे' असं टाइप केलं आणि वेळेवर खोडलं.

सोमवार, ११ फेब्रुवारी

सासूबाईंचा मुक्काम कामाला येतोय. तिसऱ्या भागात एक आवाज होता. मी लिहिलं: [दार बंद होतं]. त्या म्हणाल्या, "दार नाही हो ते. पेटीचं झाकण आहे. दाराला बिजागरीचा आवाज आधी येतो." मागे जाऊन पाहिलं, तर पेटीच. कोपऱ्यात, अंधारात. मी डोळे फाडून बघत होतो, तरी सुटली होती.

मग म्हणाल्या, "ही किंकाळी आपण गुरुवारी ऐकली."

"किंकाळ्या सगळ्या सारख्याच असतात, आई."

"नाही. हिच्यात शेवटी उचकी लागते."

दोन्ही भाग शेजारी शेजारी लावले. तीच किंकाळी! कंपनीने एकदाच रेकॉर्ड करून बायका बदलून वापरलीय. दुपारभर आम्ही उचकीवाली शोधत बसलो. दुसऱ्यात दोनदा, तिसऱ्यात तीनदा, आणि एकदा चक्क नगराध्यक्षाच्या तोंडी. सासूबाई इतक्या हसल्या की पदराने डोळे पुसायला लागल्या.

मी म्हटलं, "वर्तमानपत्र आणून देऊ का? चार दिवसांची घडीसुद्धा न मोडता पडलीत."

"रोज तेच तर असतं," त्या म्हणाल्या. "त्यापेक्षा तुमचा मिठ्या बरा."

बुधवार, १३ फेब्रुवारी

काहीतरी बिनसलंय. हसण्यावारी नेत होतो, पण आता नेता येत नाही.

काल त्यांनी चहा ओतला तो कपाच्या शेजारी. अर्धा टेबलावर गेला, तरी ओतत राहिल्या. आज दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून बाल्कनीत गेल्या. चित्रपटात नगराध्यक्ष पाचव्यांदा आला तेव्हा पुन्हा विचारलं, "हा कोण?" तो बोलायला लागल्यावर लगेच, "हां, नगराध्यक्ष." म्हणजे कुणीतरी आठवण करून दिली की आठवतं.

आणि संध्याकाळी बायको लवकर आली. फोन कानाला, पलीकडचं ऐकत दारात उभी राहिली. सासूबाईंनी तिच्या दिशेने पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "दारात कोण बाई उभ्या आहेत?"

बायकोने ते ऐकलं. तिचा चेहरा मला बघवला नाही.

जेवण झाल्यावर मी तिला सगळं सांगितलं. चहा, चपला, कोट, नगराध्यक्ष. ती ओट्याला टेकून रडली. "आजीचंही असंच सुरू झालं होतं," म्हणाली. "शेवटी तिला आईही ओळखू येईना."

शनिवार, १६ फेब्रुवारी

मेहुण्याचा फोन. मेहुणा दुसऱ्या शहरात पूल बांधतो आणि घरच्या गोष्टींचेही आराखडे करतो. अर्ध्या तासात सगळं ठरलं. आईंनी आता एकटं राहायचं नाही. दुकान विकायचं. गॅसच्या शेगडीचं बटण काढून ठेवायचं, बाहेरच्या दाराची किल्ली वरच्या फळीवर ठेवायची. स्मृतीच्या डॉक्टरांची वेळ घ्यायची, ती सव्वीस तारखेची मिळाली.

हे सगळं बोलताना सासूबाई आतल्या खोलीत झोपल्या होत्या. निदान दार तरी लोटलेलं होतं.

मी कुणाचं वाईट चिंतलेलं नाही. पण हा सगळा पुरावा माझा आहे. माझ्याच तोंडून एकेक गोष्ट निघाली आणि त्यावर चार भिंती उभ्या राहिल्या. बरोबर केलं ना मी? बायको म्हणते, बरोबर. मेहुणा म्हणतो, शाब्बास. मग मी पुन्हा पुन्हा का विचारतोय कोण जाणे.

सोमवार, १८ फेब्रुवारी

चौथा भाग. मिठ्या खाणीतून बाहेर आला आणि दहा पावलं चालला, एवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "हा आपला मिठ्या नाही."

"तोच आहे, आई. तोच मुखवटा, तेच सगळं."

"मुखवट्याचं मला माहीत नाही. पहिला टाच आधी टेकायचा. हा उजवा पाय घासतो."

मी श्रेयनामावली काढली. पहिल्या तीन भागांत एक नट. चौथ्यापासून दुसरा! मुखवट्यामागचा माणूस बदलला हे जगात किती जणांच्या लक्षात आलं असेल? माझ्या तर आलं नसतं.

संध्याकाळी बायकोला आनंदाने सांगितलं. म्हटलं, "ज्याला विसरायला होतं त्याला हे कसं जमेल?" ती म्हणाली, "असंच असतं रे. एखादा कप्पा शाबूत राहतो. आजीला शेवटपर्यंत पाढे येत होते."

तिला अनुभव आहे, मला नाही.

(चौथा भाग: वीज पडून मेला.)

बुधवार, २० फेब्रुवारी

आज माझी मलाच लाज वाटली.

सासूबाई स्वयंपाकघरात बराच वेळ खुडबुडत होत्या. शेगडीवरून, ओट्यावरून, खाली फरशीवर हात फिरवत होत्या. मला बघून, म्हणजे मी बोलल्यावर, म्हणाल्या, "शेगडीचं बटण सापडत नाहीये. माझ्याच हातून कुठे पडलं असेल."

ते बटण माझ्या खिशात होतं.

"शोधतो मी," मी म्हटलं. आणि शोधायचं नाटकही केलं. ओट्याखाली वाकलो, डबे हलवले. त्या शांतपणे उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "राहू द्या. तुम्हाला काम असेल. चहा तुम्हीच करा आजपासून."

'आजपासून' म्हणाल्या. 'आज' नाही.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

सविस्तर लिहितो, कारण असा दिवस पुन्हा यायचा नाही.

स्मृतीचे डॉक्टर तरुण, गोल चेहऱ्याचे, बोलायला गोड. बायको आईंच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. डॉक्टरांनी पाच शब्द सांगितले आणि लक्षात ठेवायला लावले. मग शंभरातून सात वजा करत जा म्हणाले. सासूबाई दोनपर्यंत धडाधड गेल्या आणि म्हणाल्या, "पुढे जाऊ की थांबू?" तारीख, वार, पंतप्रधान, सगळं बरोबर. बायको माझ्याकडे बघायला लागली, मी बायकोकडे.

मग डॉक्टरांनी कागद-पेन दिलं. "आजी, एक घड्याळ काढा. त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा."

"मनगटी की भिंतीवरचं?"

"तुम्हाला आवडेल ते."

त्यांनी वर्तुळ काढलं. हाताने एवढं गोल वर्तुळ मी पाहिलेलं नाही. बारा, सहा, तीन, नऊ. मग मधले आकडे, हाताच्या अंदाजाने, सारख्या अंतरावर. आणि मग काटे. काटे मध्यभागी भेटलेच नाहीत. लहान काटा आकड्यांवर जाऊन बसला आणि मोठा तर वर्तुळाच्या बाहेर, हवेत.

तेवीस वर्षं घड्याळात काटे बसवलेली बाई! बायकोने तोंडावर हात ठेवला. माझे डोळे भरून आले, मी भिंतीवरचं पचनसंस्थेचं चित्र वाचायला लागलो.

डॉक्टर मात्र कागदाकडे बघतच नव्हते. ते सासूबाईंच्या मानेकडे बघत होते. म्हणाले, "ते पाच शब्द आठवतात?"

सासूबाईंनी पाचही सांगितले. मग उलट क्रमाने सांगितले, कुणी न विचारता.

"आजी, आता सरळ माझ्या नाकाकडे बघा. मान न वळवता. दिसतं का नाक?"

सासूबाई म्हणाल्या, "तुमचे कान दिसतात, डॉक्टर. दोन्ही. चांगले मोठे आहेत. मध्ये धुकं आहे."

"कधीपासून?"

"वर्ष होईल."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि आम्हा दोघांकडे पाहिलं. "तुम्ही यांना चुकीच्या दारात आणलंय. यांची स्मृती माझ्यापेक्षा चांगली आहे. यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या, आणि आजच न्या."

कोट. चहा. चपला. दारातली बाई. नगराध्यक्ष बोलेपर्यंत न ओळखू येणं. मान वळवून बघणं, ज्याचा मी तीन आठवडे राग धरला होता. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी पाहत होतो आणि मला काही दिसत नव्हतं. आणि जिला दिसत नव्हतं, त्या बाईने माझ्या आठ चुका पकडल्या.

दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, कडा चांगल्या आहेत. डावा डोळा गेला तेवढा गेला. उजव्यात दर महिन्याला इंजेक्शन घेतलं तर आहे ते टिकेल. "सहा महिन्यांपूर्वी आला असतात तर," म्हणाले आणि वाक्य पुरं केलं नाही.

परतताना रिक्षात बायकोचा बांध फुटला. "आई, एक शब्द बोलली असतीस तर! आम्ही तुला वेडी ठरवायला निघालो होतो!"

"ठाऊक आहे मला," सासूबाई म्हणाल्या. "दारं लोटलेली असली तरी ऐकू येतं."

"मग का नाही बोललीस?"

"एका म्हाताऱ्यांचं घड्याळ आलं होतं. त्यांच्या लग्नातलं. माझ्या हातून त्याचं चाक मोडलं. चाळीस वर्षं चाललेलं घड्याळ, आणि मला चाक दिसलंच नाही. त्यांना खोटं सांगितलं, सुटा भाग मिळत नाही म्हणून. त्याच दिवशी शटर ओढलं. घड्याळ दुरुस्त करणाऱ्या बाईला दिसत नाही, हे तोंडाने कसं म्हणायचं गं? जमेना मला. विसरते म्हणालात, तर म्हटलं, असू दे. विसरण्याची निदान लाज वाटत नाही."

बायकोने त्यांचा हात हातात घेतला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

घरी आल्यावर मी खिशातून शेगडीचं बटण काढलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. म्हटलं, "मीच घेतलं होतं."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "खिशात किल्ल्यांवर वाजत होतं. तुम्ही वाकलात तेव्हा."

शुक्रवार, १ मार्च

पहिलं इंजेक्शन झालं. डोळ्यात सुई या कल्पनेनेच मला बाहेर बाकावर चक्कर आली आणि परिचारिकेने पाणी दिलं ते मला. सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "जावयांना बरं वाटतंय का आता?"

पाचवा आणि सहावा भाग दोन दिवसांत उरकले. आता मी न विचारता सांगतो. मिठ्या डावीकडून येतोय, हात पुढे, मुलगी खुर्चीमागे. पाचव्यात आम्लाच्या पिंपात पडून मेला, सहाव्यात बर्फात गोठून. "गोठला म्हणजे मेला नाही," सासूबाई म्हणाल्या. बरोबर. सातवा भाग बर्फ वितळण्यापासूनच सुरू होतो.

सोमवार, ४ मार्च

मोठं भांडण. फोनवर मेहुणा म्हणत होता, दिसत नाही म्हणजे तर एकटं राहणं आणखी धोक्याचं. सासूबाईंनी फोन मागून घेतला.

"माझ्या घरात मला सगळं हाताने माहीत आहे," त्या म्हणाल्या. "इथे नवीन आहे, म्हणून सांडलं. तिथे नाही सांडणार. आणि दुकान माझं आहे. विकायचं झालं तर मी विकेन."

"पण आई, दुकानात तू करणार काय?"

"ते मी बघते." मग स्वतःच हसल्या. "बघते म्हणजे, ठरवते."

बांधलेला पूल कुणीतरी पायी चालून तपासतंय, तसा मेहुण्याचा सूर जरा सावध झाला. शेवटी म्हणाला, "इंजेक्शनाला दर महिन्याला ताईकडे यायचं. आणि आठवड्यातून एकदा मी फोन करणार, तो उचलायचा."

"दोनदा कर," सासूबाई म्हणाल्या.

मला वाटलं होतं बायको हट्टाला पेटेल. ती म्हणाली, "मी आठ दिवस आईबरोबर तिकडे राहते. ती कशी वावरते ते बघते. पटलं तर परत येईन, नाही पटलं तर तिला घेऊन येईन." हे सासूबाईंनाही मान्य झालं. रविवारी दोघी निघणार.

त्या मोडलेल्या घड्याळाच्या म्हाताऱ्यांना सासूबाईंनी आज फोन केला. खोलीचं दार उघडंच होतं. खरं काय ते सांगितलं. ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. पण सासूबाई पंधरा मिनिटं बोलत होत्या आणि शेवटची पाच मिनिटं हसत होत्या.

शुक्रवार, ८ मार्च

आठवा भाग. शेवटचा. बायकोने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तीही येऊन बसली, आईच्या खुर्चीच्या हातावर.

चित्रपट तसाच. सुरुंग, भिंत, प्राध्यापक. पैसे संपल्यामुळे की काय, गावात फक्त सहा माणसं उरलीत आणि खाणीची भिंत ढकलली की कापडासारखी हलते. मी सांगत होतो, बायको मध्ये मध्ये दुरुस्ती करत होती. ("पांढरा नाही रे, मळका आहे झगा.") मिठ्या खाणीच्या तोंडाशी आला आणि नगराध्यक्षाने मशाल उचलली, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "जरा थांबवा."

मी थांबवलं.

"चौथ्यापर्यंत मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्हाला कळलं असतं. पण आता विचारते. तो दिसतो कसा?"

बायको माझ्याकडे बघायला लागली. मी पडद्याकडे. पाच आठवडे रोज आठ तास मी या प्राण्यासमोर बसलोय. त्याच्या प्रत्येक गुरगुरण्याला मी कंसात नाव दिलंय. आणि आज पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

"उंच आहे," मी म्हटलं. "खांद्यांवर मिठाचे खडे चिकटवलेत, काही गळून पडलेत. गुडघ्यांपाशी कातडी सैल आहे, ढगळ पँटसारख्या चुण्या पडल्यात. हात फार लांब. बोटं जाड, म्हणून त्याला काही धड धरता येत नाही. तोंड हलत नाही, ते रबरी आहे. पण डोळ्यांची भोकं मोठी आहेत, आतले डोळे त्या माणसाचे आहेत."

"कसे आहेत?"

"थकलेले. खूप वेळ उभं ठेवल्यासारखे. मशालीचा उजेड सहन होत नाहीये त्याला, तरी बघतोय तिकडेच."

सासूबाईंनी मान डोलावली. "म्हणजे राक्षस कसला," त्या म्हणाल्या. "कामावर आलेला माणूस आहे."

बायकोने डोकं आईच्या डोक्याला टेकवलं.

"चला, करा सुरू," सासूबाई म्हणाल्या. "आणि काही गाळू नका. मी दमेन म्हणून आटोपतं घेऊ नका."

मी सुरू केलं. मशाल, धूर, पडणारे दगड, उचकीवाल्या किंकाळीशिवायची एक खरीखुरी नवी किंकाळी, सगळं सांगितलं. मिठ्या मागे सरकला, खाणीत गेला, छत कोसळलं. माणसं निघून गेली. नावं यायच्या आधी बराच वेळ पडद्यावर नुसती रिकामी खाण होती आणि धूळ हळूहळू खाली बसत होती. तेही सांगितलं.